नानांचा डफ आणि झाडीपट्टीची मंडई

अम्मीच्या माहेरची एक पत्र्याची पेटी आमच्या घरी कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. गेल्या पावसाळ्यात छत गळू लागलं, म्हणून ती खाली काढावी लागली. आत नानांची एक जुनी शेरवानी, अडकित्ता, जमिनीचे काही कागद आणि सर्वांत खाली रजईत गुंडाळलेला एक डफ निघाला. त्याचं चामडं एका बाजूनं फाटलेलं होतं. डफाखाली कापडी पुठ्ठ्याची जाड वही होती. पहिल्या पानावर वर ७८६, त्याखाली नानांचं नाव आणि मग ओळीनं गाणी. मोजली तर ४१ भरली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढं दोन-तीन शब्द.

आमचे नाना भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात शेती करायचे. दिवाळीनंतर चार महिने ते खडी गंमतीच्या फडात डफ वाजवायचे, हे आम्ही ऐकून होतो. पण त्यांनी गाणी लिहून ठेवली आहेत, हे अम्मीलाही माहीत नव्हतं.

मुलांनी वही हातात घेतली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, “ही गाणी म्हणायची कशी?” दुसरा, “नानाअब्बूंना शुद्धलेखन येत नव्हतं का? सगळीकडे ‘काळा’ऐवजी ‘कारा’ लिहिलंय, ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ लिहिलंय.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अम्मीजवळ नव्हतं. “अब्बांचा आवाज कानात आहे. चाल आठवत नाही,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही सगळेच हसलो. ते हसणं किती अडाणीपणाचं होतं, हे आम्हाला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र एवढंच ठरलं की यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कुठं थंड हवेच्या ठिकाणी न जाता अम्मीच्या गावाकडं जायचं, मंडई पाहायची आणि वही सोबत न्यायची.

झाडीचा मुलूख

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पूर्व विदर्भातल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. वैनगंगेचं खोरं, धानाची शेती आणि जुने तलाव ही या मुलखाची ओळख. १ मे १९९९ पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. आता भंडाऱ्यात सात तालुके उरले आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी.

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पवनीला प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत. १९६९-७० मध्ये तिथं उत्खनन झालं. तुमसरजवळचा आंबागड किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजा खान पठाण यानं १७०० च्या सुमारास बांधला. औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारलेला हा गोंड राजा नागपूर शहराचा संस्थापक मानला जातो. गोंड, हिंदू, बौद्ध, मुसलमान अशी सगळी माणसं या मातीत जुनी आहेत. म्हणून इथलं गाणं-बजावणंही एका कुणाचं नाही.

मंडईचा दिवस

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे इथं भाजीबाजार नव्हे. मंडई म्हणजे गावाची जत्रा. आज या गावी, उद्या त्या गावी अशा त्या वाटून घेतलेल्या असतात, म्हणजे एकाची गर्दी दुसऱ्याला मारत नाही. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, पाहुणे येतात. धानाची कापणी झालेली किंवा होत आलेली असते. कितीतरी सोयरिकींची बोलणी मंडईच्या ओसरीवरच निघतात.

आम्ही गेलो ते साकोलीजवळचं एक लहान गाव. दुपारी गोवारी समाजाची मंडळी मोरपिसांनी सजवलेली ढाल घेऊन नाचत आली. डफडं आणि बासरी ऐकून आमची मुलं त्यांच्या मागं धावली. जिलेबी, फुगे, बांगड्या, पाळणे यांच्या मधोमध एका मोकळ्या जागेत माणसांचं कडं झालं होतं. तिथं खडी गंमत चालली होती.

खडी म्हणजे उभी. हिला मंच नाही, पडदा नाही. कलावंत जमिनीवर उभ्यानं गातात, नाचतात, सोंग करतात आणि माणसं चारी बाजूंनी बसतात. बाईचं काम पुरुषच करतो. साथीला डफ, तुणतुणं, ढोलकी, मंजिरी. शाहीर प्रश्न टाकतो आणि समोरचा शाहीर गाण्यातूनच उत्तर देतो. प्रश्न अध्यात्माचा असतो, पुराणातला असतो, कधी संसारातला आणि कधी सरळ सरकारलाही विचारलेला.

ही सवाल-जवाबाची रीत कलगी-तुऱ्याची. तुरेवाले शिवाला किंवा ब्रह्माला मोठं म्हणतात, कलगीवाले शक्तीला किंवा मायेला. या परंपरेची एक कथा उत्तरेत सांगतात. चंदेरीच्या राजासमोर तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा गाण्यातून वाद रंगला. कोणी हरेना. राजानं खूश होऊन आपल्या पगडीचा तुरा गोसाव्याला दिला आणि कलगी फकिराला. तेव्हापासून दोघांचे दोन फड झाले. महाराष्ट्रात याच्या वेगळ्या कथाही आहेत. पण वाद घालणारे दोन साधू एकमेकांचे शत्रू नव्हते, सोबती होते, हे या कथेचं मर्म आम्हाला फार आवडलं.

मराठी शाहिरीत मुसलमानांचं नाव कुठं कोपऱ्यात लिहिलेलं नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात होनाजी बाळाच्या तोडीचा गणला गेलेला सगनभाऊ हा शिकलगार मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला माणूस. बार्शीचे अमर शेख (१९१६-१९६९) यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरायची. हे दोघे नामवंत झाले. आमच्या नानांसारखे गावोगावचे डफवाले मात्र वहीतच राहिले.

दिवस मावळला. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या काकांनी न सांगता ओसरीवर धुतलेली चटई अंथरली आणि अंगणातल्या रेडिओचा आवाज बंद केला. आम्ही मगरिब तिथंच अदा केली. “तुमचे आजोबाही इथंच पढायचे,” काका म्हणाले, “आणि मग डफ शेकायला बसायचे.” थंडीत चामडं सैल पडतं, म्हणून डफ शेकोटीवर धरून ताणून घ्यावा लागतो. ही गोष्ट अम्मीला एकदम आठवली. तिच्या लहानपणी तो शेकायचं काम तिचंच होतं.

रात्रभर चालणारं नाटक

मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टीची रंगभूमी शंभर वर्षांहून जुनी. तिचं मूळ दंडारीत आहे, असं अभ्यासक सांगतात. दंडार म्हणजे गाणी, नाच आणि सोंगं यांनी भरलेला गावकऱ्यांचा खेळ. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर मोठं काम केलं आहे. या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचं लक्ष इकडं गेलं.

लाखांदूर तालुक्याला लागून गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे देसाईगंज आहे. नाटक मंडळ्यांची ती राजधानी. मोसमात तिथं मंडळ्यांच्या कचेऱ्या थाटलेल्या असतात. गावची माणसं येतात, नाटक ठरवतात, तारीख घेतात. नट, गायक, वादक, पडदे, दिवे असं सगळं ट्रकात भरून गावी जातं. नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत हा मोसम असतो.

नाट्यगृह मात्र आपल्या शहरांसारखं नसतं. शेताचा एक तुकडा हेच नाट्यगृह. कित्येक गावांत जमीन खणून उतरती बैठक करतात, म्हणजे सर्वांत मागं बसलेल्या म्हातारीलाही मंच दिसतो. मंचाजवळ वादकांची जागा. ऑर्गन, तबला, ढोलकी असतेच. आता ऑक्टोपॅडही आला आहे. प्रसंग गाण्यावर येऊन थांबतो, गाणं पुरं होतं, टाळ्या पडतात, मग गोष्ट पुढं सरकते.

पूर्वी दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, अशी जोडी असायची. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली. मधल्या काळात पट थांबला तरी नाटक थांबलं नाही. गावाला नाटक हवंच होतं, हे त्यातून दिसलं.

आमच्यातले मामू नाटकाला आले नाहीत. संगीताबद्दल आपल्या घरांत एकमत नाही, हे वाचकांना सांगायला नको. कुणी फक्त हम्द, नात आणि लग्नातला दफ एवढंच योग्य मानतं, कुणी कव्वालीत रमतं, कुणी आणखी पुढं जातं. मामू त्या रात्री मुक्कामाच्या घरीच थांबले. पण वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्यांनीच काढला होता, अगदी इस्त्री केल्यासारखी पानं सरळ करून. ते म्हणाले, “मी ऐकणार नाही. पण अब्बांचा हात आहे तो. तो जपायचा.”

भिंतीवरचं गाणं

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना एका शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर दंडारीचं रंगीत चित्र दिसलं. फेटे, घुंगरू, ढोलकी, पेटी. आमच्या धाकटीनं वाद्यं मोजली आणि म्हणाली, “यात डफ नाही.” खरंच नव्हता. चितारणाऱ्यानं जे पाहिलं तेच काढलं असणार. डफवाले कमी झाले, म्हणून चित्रातूनही डफ गेला.

गाणं भिंतीवर कसं टिकतं, याचं मोठं उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. गोंडांमध्ये परधान हे गाणारे. बाना नावाच्या तंतुवाद्यावर ते गोंड देवांच्या आणि राजांच्या कथा गात. ऐकणारे कमी झाले, तशी ही विद्या मागं पडू लागली. पाटनगढ गावच्या अशाच परधान घरातल्या जनगढसिंह श्याम (१९६२-२००१) या तरुणानं त्या कथा भिंतीवर आणि मग कागदावर काढल्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणलं. पुढं भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यानं रंगवल्या. आज जगभर ‘गोंड चित्र’ म्हणून जे ओळखलं जातं, त्याच्या तळाशी गाणं आहे. पण चित्रातून कथा वाचते, सूर वाचत नाही. तो कुणीतरी कानानंच घ्यावा लागतो.

संग्रहालय कुठं आहे?

मुलांचा पुढचा प्रश्न साहजिक होता : “हे सगळं ठेवलेलं म्युझियम कुठं आहे?” नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून उभा आहे. गोंडांच्या जगण्याची थोडी ओळख तिथं होते. वाद्यं पाहायची तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथल्या वाद्यांच्या दालनात कितीही वेळ घालवता येईल. पण काचेमागचं वाद्य बोलत नाही.

वाद्य बोलतं ठेवणारं गाव पाहायचं तर मिरजेला जावं. तिथल्या शिकलगार मुसलमान घरांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम मागं पडल्यावर तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. फरीदसाहेब हे त्यांतलं आद्य नाव. हत्यारं सोडून भोपळ्याला हात घातलेल्या त्या कारागिरांना आज ‘सतारमेकर’ म्हणतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथंच ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते २७ ऑक्टोबर १९३७ रोजी वारले. उरुसात त्यांच्या आठवणीत गायक-वादक येऊन हजेरी लावतात. घडवणारे हात, गाणारे गळे आणि दरसाल जमण्याची एक जागा, तिन्ही गोष्टी तिथं एकत्र टिकल्या.

झाडीपट्टीत जमण्याची जागा आहे, ती म्हणजे मंडई. गळेही अजून आहेत. पण डीजेचा आवाज मंडईतही शिरला आहे. तरुण मुलं कामासाठी नागपूर, पुण्याला जातात. म्हातारे शाहीर गेले की त्यांच्या वह्या घरातच राहतात आणि एक दिवस रद्दीत जातात. इथलं खरं संग्रहालय म्हणजे घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या आहेत, आणि त्या उघडायला कुणी येत नाही.

वही उघडली तेव्हा

ज्यांच्यासाठी आलो होतो, ते शाहीरबाबा तिसऱ्या दिवशी भेटले. पंच्याऐंशीच्या पुढचे. तरुणपणी ते नानांच्या समोरच्या फडात गायचे. ते तुऱ्याचे, नाना कलगीचे. अम्मीला पाहून त्यांनी विचारलं, “तू तं त्याची मोठी लेक ना?” अम्मी “हो दादा” म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

आम्ही वही पुढं केली. त्यांना वाचता येत होतं, पण दिसत नव्हतं, म्हणून आमच्या मुलीनं वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत ‘कारा’ आला. तिनं सुधारून ‘काळा’ वाचलं. बाबांनी हात वर केला.

“तसं नाई बाई. लिवलं हाय तसंच वाच.”

झाडीबोलीत ‘ळ’ नाही. ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’ आणि ‘ष’चा ‘स’ होतो. नानांनी चूक केलेलीच नव्हती. ते जसं गायचे तसंच लिहीत होते. मुलीनं सुधारलेल्या शब्दांनी ओळीचं यमक तुटत होतं, नानांच्या शब्दांनी जुळत होतं. पेटी उघडली त्या दिवशी आम्ही ज्यावर हसलो होतो, ती वहीतली सर्वांत खरी गोष्ट होती.

मग बाबा गायले. आवाज कापत होता, पण ताल सुटला नाही. मांडीवर थाप देत त्यांनी एक गाणं पुरं केलं, मग दुसरं. ‘चाल’ म्हणून लिहिलेले ते दोन-तीन शब्द म्हणजे जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचा मुखडा होता. तो मुखडा ज्याला येतो, त्यालाच नानांचं गाणं उघडतं. ४१ पैकी नऊ गाण्यांच्या चाली बाबांना आल्या. बाकी ३२ वर त्यांनी मान हलवली. “हे येत होतं ते गेले,” म्हणाले. दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर किती मिळाल्या असत्या, हा हिशेब आम्ही वाटेत केला नाही.

मामू शेजारी बसून ऐकत होते. ते उठून गेले नाहीत.

आपल्या घरी काय करता येईल

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. झाडीपट्टीतच असेल असं नाही. कोकणात लग्नगीतांची वही असेल, मराठवाड्यात कव्वालीची, सोलापूरकडे मोहर्रमच्या गाण्यांची. आम्हाला या प्रवासात जे उमगलं ते थोडक्यात सांगतो.

वहीच्या प्रत्येक पानाचा उजेडात फोटो घ्या आणि तो दोन ठिकाणी ठेवा. शब्द ‘शुद्ध’ करू नका. जीर्ण पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

घरात किंवा गावात ज्यांना चाल येते, त्यांच्याकडं आधी जा. वही आणखी काही वर्षं टिकेल, माणूस तेवढा थांबेलच असं नाही. मोबाइलवर आवाज घेताना सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. कुठं टाकायचं असेल तर गाणाऱ्याला विचारून टाका. गाणं त्यांचं आहे. घरातल्या बायकांनाही विचारा. डफ शेकणाऱ्या मुलीला जे आठवतं, ते कुठल्या वहीत नसतं.

ज्यांना गाणं ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये. पण बापजाद्यांचा हात जपायला कुणाची हरकत नसावी. त्यातून आपण इथल्या मातीत किती खोल रुजलो आहोत हे मुलांना कळतं. भाषण न देता कळतं.

मंडई पाहायची असेल तर भाऊबीजेनंतरचे दोन-तीन आठवडे चांगले. नागपूरहून भंडारा साठ किलोमीटरच्या आसपास, साकोली शंभरच्या आसपास. राष्ट्रीय महामार्ग ५३ दोन्हीकडून जातो. रेल्वेनं यायचं तर भंडारा रोड किंवा तुमसर रोड स्टेशन. कोणत्या गावी कधी मंडई, हे साकोली-लाखनीच्या बाजारात विचारलं की कळतं. रात्रीच्या नाटकाला जाताना शाल आणि खाली अंथरायला सतरंजी हवीच.

आमच्या नानांच्या डफाला आता नवं चामडं बसवून घेतलं आहे. घरात तो कुणाला वाजवता येत नाही. पण यंदाच्या थंडीत अम्मीनं शेगडी पेटवली, डफ तीवर धरून हळूहळू फिरवला आणि बोटानं एकदा टिचकी मारून पाहिली. मुलं भोवती बसली होती. “अजून थोडा शेकायला हवा,” अम्मी म्हणाली.